ताईच्या हातचं

आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायचं तर आधी माझी लाज सांगावी लागेल. दोन्ही एकाच दोऱ्यात शिवलंय, एक उसवल्याशिवाय दुसरं सुटत नाही. आणि मी शिवणारीच आहे. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात चौतीस वर्षं फर्मे शिवले. छापून घडी घातलेले कागद एकावर एक ठेवायचे, पाठीतून सुई घालायची, दोरा ओढायचा. तोंड मोकळंच राहतं ना! त्या तोंडाने घात केला.

हे टर्नर. अठ्ठावीस वर्षं लेथवर उभे. लोखंडाचा दांडा केसाएवढ्या फरकाने कापणारा माणूस, पण स्वभावाने असा की भाजीवाल्याने सडका बटाटा दिला तर ‘त्याच्या लक्षात आलं नसेल गं’ म्हणणारा. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी डबा घेऊन कामावर गेले आणि तासाभरात तोच भरलेला डबा घेऊन परत आले. कारखान्याच्या गेटला कुलूप होतं. पुढे महिनाभर इकडे तिकडे विचारून बघितलं. पन्नाशीच्या टर्नरला कोण उभं करतंय! सगळीकडे नवी मशिनं आली होती, बटणावर चालणारी.

मग एके संध्याकाळी मी घरी आले तर जिन्यातच वास आला. मला वाटलं शेजारच्यांकडे काहीतरी चाललंय. दार उघडलं तर आमच्याच ओट्याशी हे उभे, कारखान्यातला निळा एप्रन बांधून, वरच्या खिशात ती स्टीलची पट्टी तशीच खोचलेली. कोबी बारीक चिरून, कांद्यावर परतून, त्यात अंडी फोडली होती. एवढंच. पण मी त्या दिवशी तीनदा वाढून घेतलं.

आता खरं सांगते, मला स्वयंपाक कधी आलाच नाही. मी स्वयंपाक करायची नाही, उरकायची. भात खाली लागायचा नाहीतर वर कच्चा. आमची लेक सासरी गेल्यावर पहिल्यांदा काय म्हणाली असेल? ‘आई, इथे भात सुटा असतो.’ तर ह्यांनी ओटा ताब्यात घेतला आणि घरात कुणाला वाईट वाटलं नाही. भांड्यांनासुद्धा.

हे स्वयंपाक करायचे तो लेथवर केल्यासारखा. बटाट्याच्या फोडी दोन सूत जाड म्हणजे दोन सूत, बरोब्बर पाव इंच. एक जास्त जाड निघाली तर खिशातली पट्टी काढून मोजायचे आणि ती बाजूला ठेवायचे, ‘ही बाकीच्यांबरोबर शिजणार नाही, हिला वेगळं बघू.’ कांदा परतताना कान देऊन उभे राहायचे. ‘कांद्याला घाई करायची नाही. तो बोलायचा थांबला की मग पुढचं घालायचं.’ मी हसायची. म्हणायची, ‘अहो, कांदा काय तुमचा साहेब आहे का?’ पण तोंडात घास गेला की हसू गप्प.

कारखान्यात आम्ही चौघी एका टेबलाला. मी सगळ्यांत मोठी म्हणून ताई. एक उंच, तिला आम्ही शिडी म्हणतो, ती पुठ्ठे कापते. एक सरसवाली, पुस्तकांच्या पाठीला सरस लावते, तिच्या बोटांना कायम तो चिकट वास. आणि एक चष्मा, पानं मागेपुढे झालीत का ते तपासते. साडेतीनला चहाची सुट्टी. चहा आला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘आज रात्री काय बेत?’ नोकरी करणाऱ्या बायकांचा हा रोजचा छळ. काय शिजवायचं ते सुचलं तर अर्धा स्वयंपाक झाला. म्हणून एकमेकींना सांगायचं, उचलायचं, आपापल्या घरी जाऊन करायचं.

तोवर मी त्या गप्पांत मुकाट असायची. सांगणार काय, करपलेला भात? पण त्या कोबीच्या दुसऱ्या दिवशी शिडीने विचारलं, ‘ताई, आज काय बेत?’ आणि मी म्हणाले, ‘काल मी कोबीत अंडं घातलं होतं.’

मी. मी घातलं होतं.

एका शब्दाचा तर फरक. ‘ह्यांनी’ म्हणायला काय झालं होतं? झालं होतं असं की ‘ह्यांनी’ म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, ‘भाऊजी घरी असतात?’ नवरा घरी बसलाय, एप्रन बांधून कोबी चिरतोय, हे सांगायची मला लाज वाटली. मेली कसली ती लाज! ज्याची वाटायला हवी त्याची वाटली नाही आणि भलत्याचीच वाटली.

दुसऱ्या दिवशी सरसवाली म्हणाली, ‘ताई, घरात सगळ्यांनी बोटं चाटली. तुझ्या हाताला काय चव आहे गं!’ अकरा वर्षांपूर्वीचं ते वाक्य मला अजून पाठ आहे. तोवर तेवीस वर्षं दोरा ओढला होता, एकानेही ‘वा’ म्हटलं नव्हतं. मला ते वाक्य आवडलं. इतकं आवडलं की मग मी रोज सकाळी निघताना ह्यांना विचारायला लागले, ‘आज काय करणार? कसं करणार? आधी काय घालता?’ हे खूश. बायको विचारतेय! सगळं सांगायचे आणि मी साडेतीनला ते जसंच्या तसं टेबलावर मांडायची, दोन सूत फोडींसकट, बोलणाऱ्या कांद्यासकट.

इथवरच थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण संध्याकाळी मी दारात चप्पल काढते न काढते तोच हे विचारायचे, ‘सांगितलंस का त्यांना? काय म्हणाल्या मैत्रिणी?’ त्यांना वाटत होतं मी त्यांच्याच नावाने सांगते. दुसरं वाटणार तरी काय? मग मी म्हणायची, ‘शिडी म्हणाली, भाऊजींच्या हाताला सलाम सांगा.’ ‘चष्मा म्हणाली, भोपळ्याचं सूप असं कधी खाल्लं नव्हतं, भाऊजींना सांगा.’ हे ऐकताना ह्यांचा चेहरा बघवत नसे, इतका उजळायचा. ‘तिला म्हणावं, पुढच्या वेळी थोडी मिरी वरून,’ असं सांगून परत ओट्याकडे. चार लोकांत उठबस नाही, काम नाही, कुणी विचारत नाही. दिवसभरात एवढा एकच निरोप यायचा त्यांना, माझ्या तोंडून.

म्हणजे बघा, तिकडे ह्यांचं श्रेय मी खात होते आणि इकडे माझं कौतुक ह्यांना वाढत होते. मला वाटायचं, हिशेब बरोबर आहे, कुणाचं काय बिघडतंय? माणूस स्वतःला किती सहज फसवतो!

एक गडबड मात्र व्हायची. टोमॅटोतले लाल घेवड्याचे दाणे हे फार सुंदर करायचे. मी ते टेबलावर सांगितलं, पण ओट्याशी कधी उभी राहिलेली असेन तर शपथ. दाणे, कांदा, टोमॅटो, सगळं एकदम शिजायला टाका, असं मीच म्हणाले. तिघींचे दाणे रात्रभर शिजवले तरी खड्यासारखे. शिडीच्या सासऱ्यांची कवळी निघाली म्हणे. पण तिघींनी दोष कुणाला दिला? स्वतःला. ‘ताई, तुझ्या हातची चव आमच्या हाताला नाही, हेच खरं.’ आणि मी मान डोलावली. डोलावली मी मान!

हे म्हणायचे, ‘एकदा बोलाव ना त्यांना जेवायला.’ मी म्हणायची, ‘त्यांना कुठला वेळ, घरं आहेत, पोरं आहेत.’ आणि तिकडे त्या म्हणायच्या, ‘ताई, एकदा तुझ्या हातचं खाऊ घाल की घरी बोलावून.’ तेव्हा मी काय सांगितलं? मी सांगितलं, ‘अगं, आमचे हे फार तापट. घरात कुणी आलेलं चालत नाही त्यांना.’ तापट! ह्या माणसाने आयुष्यात कपसुद्धा जोरात ठेवला नाही. घरात आदळआपट करते ती मी.

अशी अकरा वर्षं गेली आणि माझ्या निवृत्तीचा महिना आला. शेवटचा दिवस मंगळवारी होता. त्याच्या आदल्या रविवारी, दुपारी साडेबारा वाजता, मी गच्चीत चादरी वाळत घालत होते. खाली आले तर दारात तीन जोड चपला. एक जोड इतकी लांब की बघताच ओळखली. शिडी!

आत तिघी सोफ्याच्या कडेला अवघडून बसल्या होत्या, तापट माणसाच्या घरी बसल्यासारख्या. आणि तापट माणूस समोर उभा, निळा एप्रन, हातात पळी, चेहऱ्यावर लग्नातसुद्धा पाहिला नव्हता असा आनंद. ‘अगं, बघ कोण आलंय! तुम्ही शिडी ना? ओळखलं मी. आणि ह्या चष्मा. बसा हो नीट, मागे टेका. जेवूनच जायचं. आज दाणेच शिजवलेत.’

एक वाक्य, दोघांपैकी कुणाचंही एकच वाक्य, की संपलं सगळं. मी म्हणाले, ‘अहो, त्यांना घाई असेल.’ शिडी म्हणाली, ‘घाई कसली ताई, आम्ही तुला भेट द्यायला आलो. कारखान्यात सगळ्यांसमोर नको म्हटलं.’ आणि तिने पिशवीतून एक पुस्तक काढून ह्यांच्या हातात दिलं. ‘भाऊजी, आधी तुम्हीच बघा. तुम्हालाच अर्पण केलंय.’

काय बांधणी होती! लाल कापडी पुठ्ठा, पाठ गोल केलेली, शिवण हातची. वर सोनेरी ठशात अक्षरं, ‘ताईच्या हातचं’. अकरा वर्षं चहाच्या सुट्टीत मी जे जे सांगितलं ते चष्मा कातरणीच्या कागदांवर टिपून ठेवत होती. मला वाटायचं ती बाजाराची यादी लिहिते. ते सगळं तिने सुवाच्य अक्षरात उतरवलं, शिडीने पुठ्ठा कापला, सरसवालीने पाठ लावली. अशा भेटीने कुणीही आनंदाने रडलं असतं. मी उभी होते ती भिंतीला धरून.

ह्यांनी हात एप्रनला पुसले आणि पहिलं पान उघडलं. मोठ्याने वाचलं, ‘ज्यांना रोज हे ताट मिळतं, त्या भाग्यवान भाऊजींना.’ थांबले. पान उलटलं. आता मनात वाचत होते, पण ओठ हलत होते, मला दिसत होतं. ‘ताई म्हणते, बटाट्याच्या फोडी दोन सूत जाड.’ ‘ताई म्हणते, कांद्याला घाई करायची नाही.’ पान, मग आणखी एक पान. घरात फक्त दाण्यांचं पातेलं खदखदत होतं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी सोसलं असतं, उलट भांडले असते, भांडायला मी कधीही तयार असते. पण ते बघत होते समजून घेतल्यासारखे, आपण कुठे चुकीचं ऐकलं ते आठवत असल्यासारखे. एवढंच दोन क्षण. मग ते तिघींकडे वळून हसले. ‘भाग्यवान तर आहेच मी,’ म्हणाले. आणि गळ्यातून एप्रन काढला, माझ्या हातात दिला. ‘हा घे गं तुझा. तू गच्चीत गेलीस म्हणून मी जरा पळी फिरवत होतो.’

आणि मी तो घातला. ह्या दोन हातांनी मागे गाठ मारली.

जेवायला बसलो. मी वाढत होते, हे ‘मी पाणी बघतो’ म्हणत ग्लास भरत होते. सरसवालीने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. ‘ताई! हे असे मऊ कसे होतात गं? खरं सांग, काय करतेस?’ तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी पळीने पातेलं ढवळत राहिले. तेव्हा हे पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभे होते. म्हणाले, ‘हिनेच मला एकदा सांगितलं होतं. दाणे पूर्ण मऊ झाल्यावरच टोमॅटो घालायचा. आंबट आधी पडलं की दाणा हट्टाला पेटतो. तुम्हाला सांगताना राहून गेलं असेल तिच्याकडून.’

त्या क्षणी मला त्यांचा राग आला. हो, राग! कशाला वाचवताय मला? पडू द्या की तोंडघशी! पण बोलले का मी? ‘अगं, हे सगळं ह्यांचं आहे,’ एवढं बोलायला किती वेळ लागतो? दाणा गिळण्याइतका. मी दाणा गिळला.

जाताना शिडी जिन्यात माझ्या कानाशी म्हणाली, ‘तापट कुठे गं, देवमाणूस आहे. आणि तुझं किती ऐकतात!’

वर आले तर हे भांडी घासत होते. मी म्हणाले, ‘राहू द्या, मी घासते.’ ते म्हणाले, ‘झालीच.’ हात पुसून टेबलाशी बसले, पुस्तक उघडलं, खिशात पेन्सिल शोधायला गेले. एप्रन माझ्याच अंगावर होता. मी तो काढून दिला. त्यांनी पेन्सिल घेतली आणि दाण्यांच्या पानावर समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘टोमॅटो शेवटी.’ मग म्हणाले, ‘एवढं सांग त्यांना. किती वर्षं कडक खाल्ले असतील बिचाऱ्यांनी.’

मग पुस्तक मिटून, त्या सोनेरी अक्षरांवरून अंगठा फिरवत विचारलं, ‘मग ते... शिडी म्हणाली होती ना, भाऊजींच्या हाताला सलाम. ते काय होतं?’

‘म्हणाली होती,’ मी म्हणाले. ‘मला.’

‘बरं,’ म्हणाले. ‘आणि सूप?’

‘तेही मलाच.’

‘बरं,’ एवढंच. उठून पट्टी जागेवर ठेवली.

सोमवारी संध्याकाळी मी दारात चप्पल काढली. आतून नेहमीसारखा वास येत होता, भोपळा होता. मी चप्पल काढून उभी राहिले, वाट बघत. ‘आलीस का, हात धू,’ म्हणाले. पुढचा प्रश्न आला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा आला नाही.

मंगळवारी, शेवटच्या दिवशी, साहेबांचे दोन शब्द बोलून झाले, टाळ्या झाल्या, आणि साडेतीनला चहा आला. शिडी म्हणाली, ‘ताई, शेवटचं विचारते, आज काय बेत?’ मी म्हणाले, ‘मला माहीत नाही. ते ह्यांना विचारावं लागेल. सगळं हेच करतात. पहिल्या कोबीपासून.’ आणि मग सगळं सांगितलं. गेटचं कुलूप, एप्रन, तापटपणा, दाणे, सगळं. सांगताना वर बघवत नव्हतं, म्हणून टेबलावरच्या सरसाच्या डागाकडे बघून सांगितलं.

चष्म्याने चष्मा काढून पुसला. सरसवाली हळूच म्हणाली, ‘आणि आपण त्यांच्याच घरी, त्यांच्याच हातचं जेवताना, भाऊजी जरा पाणी आणा म्हणालो.’ शिडीने कप खाली ठेवला. मला वाटलं आता टाकून बोलणार, आणि बोलली असती तर बरंच झालं असतं. पण ती म्हणाली, ‘भाऊजींना सांग, ते दाणे मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि म्हणावं, पुस्तकाचा पुठ्ठा मी बदलून देते. माझ्या शब्दांत सांग, तुझ्या नको.’

मी तो निरोप घेऊन निघाले तो जवळजवळ पळतच. चार जिने दम न घेता चढले. अकरा वर्षांत पहिल्यांदा खरा निरोप नेत होते मी, ज्याचा त्याच्यासाठी. दारातच, चप्पल न काढता, सगळं सांगितलं. टेबलावर सगळं कबूल केलं ते सांगितलं, शिडीचे शब्द तिच्याच शब्दांत सांगितले, पुठ्ठ्याचंही.

हे कांदा परतत होते. ऐकून घेतलं पूर्ण. मग माझ्याकडे वळून बघितलं, अगदी मायेने, लहान पोराच्या खोट्याकडे बघावं तसं.

‘असू दे गं,’ म्हणाले. ‘आता माझ्यासाठी निरोप बनवून आणू नकोस. हात धू, जेवायला बस.’